इस्त्रीवाल्याची गार खोली

आमच्या इमारतीच्या गच्चीवरची खोली मुळातच थंड आहे, असं मालक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतात. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. मुळातच म्हणे! इस्त्रीवाला तिथे राहायला येण्यापूर्वी उन्हाळ्यात त्या खोलीतली मेणबत्ती न पेटवताच वाकायची. चारही भिंतींवर ऊन, डोक्यावर उघडा स्लॅब, आणि भरदुपारी भिंतीला पाठ टेकली तर माणूस किंचाळून उठेल अशी अवस्था. भाडेकरू पावसाळ्यात हौसेने सामान लावायचे आणि उन्हं चढू लागली की पसार व्हायचे. कुणाला नको होती, म्हणून ती खोली इस्त्रीवाल्याला परवडली.

मी दुसऱ्या मजल्यावर राहते, शिवणकाम करते. माझं मशीन खिडकीशी आहे आणि खिडकीतून खाली फाटक दिसतं. फाटकाच्या कोपऱ्यात त्याचं टेबल होतं, त्यावर दुमडलेली घोंगडी आणि कोळशाची ती जाडजूड इस्त्री. निखाऱ्यांवर पंखा घालताना, शर्टाच्या कॉलरवर वजन टाकताना त्याच्या अंगाला घामाच्या धारा लागायच्या. गिऱ्हाइकाच्या कपड्यांवर थेंब पडू नये म्हणून तो कपाळाला फडकं बांधायचा आणि थोड्या थोड्या वेळाने ते गटारात पिळायचा. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खोड एकच. केलेलं काम दाखवल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही. शर्ट घ्यायला गेलं की आधी तो दोन्ही हातांनी उंच धरायचा आणि म्हणायचा, “बघा ताई, शोधून दाखवा चुणी.” मी मुद्दाम कुठेतरी बोट ठेवायचे. मग तो इतका कष्टी व्हायचा की मलाच वाईट वाटायचं.

अशा माणसाच्या मुलीला घामच येत नव्हता.

जन्मापासूनच नाही. ती झाली तेव्हापासून हिवाळ्यात ठणठणीत आणि उन्हाळा लागला की तापाने फणफणलेली. औषधं झाली, दवाखाने झाले. शेवटी मोठ्या इस्पितळातल्या एका डॉक्टरने सांगितलं की हिच्या अंगात घामाच्या ग्रंथी जवळजवळ नाहीतच. आपण तापतो, घामेजतो, वारा लागला की निवतो. हिच्या अंगातली गरमी अंगातच राहते. “बाकी काही दोष नाही,” डॉक्टर म्हणाला, “हिला फक्त गार ठेवा. एक एसी लावून टाका.” लावून टाका! जणू खुंटीला पिशवी लावायची होती.

तिचे केस विरळ होते, दात मोजकेच आणि टोकदार, आणि जीभ मात्र अखंड चालू. शाळा तिला हिवाळ्यातच जमायची. एरवी ती खोलीत नाहीतर माझ्याकडे. माझ्या खोलीतही भट्टीच, पण जिन्याखालच्या मोरीत पाण्याचं पिंप होतं. “मावशी, मला ओलं कर,” म्हणत ती यायची. मी जुन्या सुती चादरींची दुहेरी बंडी तिला शिवून दिली होती. ती पिंपात बुडवायची, पिळायची आणि अंगात चढवायची. वाळली की पुन्हा. दिवसभर हेच. मासोळी हे नाव मीच ठेवलं आणि सगळ्या इमारतीने ते उचललं.

तिची आई एका ऑफिसात फरश्या पुसायची. तिथे एसी इतका सोडलेला असायचा की तिला हुडहुडी भरायची. “ताई,” ती एकदा मला म्हणाली, “तिथे रिकाम्या खुर्च्यांना थंडी वाजते हो.” एवढंच म्हणाली, पण तिच्या तोंडावरचा राग मी अजून विसरलेले नाही.

इस्त्रीवाला त्या खोलीच्या मागे हात धुऊन लागला. पहिल्या उन्हाळ्यात त्याने स्लॅबवर पोती अंथरली आणि त्यांच्यावर पाणी मारत राहिला. खोली थोडी निवली, पण पोती कुजली, डास झाले आणि पाणी गच्चीवर साचून खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल आली. मालकांनी वर येऊन त्याला असं झापलं की चार दिवस तो कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. मग त्याने चुना आणला. चुन्यात सरस कालवून, केरसुणीने आधी आडवा आणि वाळल्यावर उभा हात. खालून जाणारे येणारे थट्टा करायचे, “काय रे, गच्चीला इस्त्री करतोस?” तो वरून म्हणायचा, “उन्हाच्या चुण्या पडल्यात, काढतोय.” जिथे बांधकाम चालू असेल तिथून तो पांढऱ्या फरश्यांचे तुकडे गोळा करून आणायचा. दर सकाळी कामाला बसण्याआधी थोडे थोडे बसवत त्याने खोलीचं सगळं डोकं पांढरं करून टाकलं. दुपारच्या उन्हाच्या भिंतीवर सुतळ्या ताणून घोसाळ्याचा वेल चढवला. वेलाला पाणी मिळावं म्हणून स्वतः तिथे उभा राहून आंघोळ करायचा.

खिडक्यांचा त्याने शाळेसारखा कडक नियम केला होता. ऊन चढायच्या आत बंद, वर पोत्याचा पडदा. सूर्य बुडाला की सगळ्या सताड उघड्या. भर दिवसा कुणी खिडकीला हात लावला तर हा फाटकापासून ओरडायचा. बायको वैतागून म्हणायची, “हे घर आहे की देवळाचा गाभारा?” पण पोरीला ताप कमी येऊ लागला, तसा तिचाही आवाज खाली आला.

आणि मग भंगारातून तो कूलर आला. पत्रा गंजलेला, गवताच्या जाळ्या झडलेल्या. त्याने मोटर दुरुस्त करून आणली, नव्या जाळ्या बसवल्या, आणि कूलरची पाठ खिडकीबाहेर काढून तो बसवला. पहिले दोन दिवस खोलीत आनंदीआनंद. नंतर मासोळी कुरकुरायला लागली. कूलरची ओली हवा आत यायची, पण बाहेर पडायला तिला वाट नव्हती, कारण बाकीच्या खिडक्या तर हा बंद ठेवायचा. खोली चिकट झाली. अंगातली बंडी वाळेना, आणि बंडी वाळली नाही तर पोरीला गार कशाने वाटणार? समोरच्या भिंतीत छताजवळ एक झरोका पाडला की प्रश्न मिटणार होता. पण भिंत मालकांची.

“विचारून घ्या की,” मी म्हटलं, “फाटकापाशी येतील तेव्हा.”

“फाटकापाशी कशाला? वर नेऊन दाखवतो. भर दुपारी. आजवर काय काय केलंय ते बघतील, तेव्हा झरोक्याला नाही कसं म्हणतील?”

“भाऊ, मी भाड्याच्या घरात म्हातारी झाले. मालकाला आपलं गळकं दाखवावं. धड असलेलं दाखवू नये.”

तो हसला. त्याला वाटलं, मी नेहमीसारखी तिरकस बोलते आहे.

मालक वर गेले ते शिव्या घालतच. जाड माणूस, तीन जिने, आणि वरून ते ऊन. खोलीत पाऊल टाकलं आणि म्हणे ते बोलायचेच थांबले. इस्त्रीवाल्याने त्यांना भिंतीला हात लावायला लावला. पांढऱ्या फरश्या, वेल, पडदे, कूलर, एकेक करून सगळं दाखवलं, अगदी उंच धरलेल्या शर्टासारखं. मासोळीने त्यांना माठातलं पाणी दिलं आणि शाळेतल्या गोष्टी सांगत बसली. मालक जमिनीवर बसले, मग आडवे झाले, आणि चक्क झोपून गेले. चहाच्या वेळेला डोळे चोळत खाली उतरले. त्यांच्यामागून इस्त्रीवाला धावत माझ्या दारात आला. “ताई, मालक घोरले! माझ्या खोलीत घोरले! झरोका पाडायला परवानगी दिली.” इतका खुललेला मी त्याला कधीच पाहिला नव्हता. मीसुद्धा हसले.

झरोका त्याने स्वतःच्या हाताने पाडला, जाळी बसवली. तो उन्हाळा मासोळीने एकही ताप न येता काढला. मी म्हणेन, त्या घरात तेवढाच एक उन्हाळा माणसांसारखा गेला.

हिवाळा सरता सरता मालकांनी त्याला बोलावून सांगितलं की खोली रिकामी कर. मुलाचं लग्न ठरलं होतं, नव्या जोडप्याला जागा हवी होती. इस्त्रीवाला पोरीला घेऊन त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. मीही गेले, कारण मला माझं तोंड आवरत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे.

“मालक, दुसरी कुठलीही द्या,” तो म्हणाला. “खालची द्या, जिन्याखालची द्या. हिला उन्हात काढू नका.”

“अरे, रिकामी असती तर दिली नसती का?” मालक म्हणाले. त्यांचा आवाज वाईट नव्हता, हेच वाईट होतं. “आणि सूनबाईंना तीच पसंत पडली आहे. मीच सांगून बसलो ना घरात, अख्ख्या इमारतीत तेवढी गार खोली नाही म्हणून.”

“ती गार या माणसाने केली,” मी म्हटलं. “चार वर्षं मरमर करून.”

“तेच तर म्हणतोय मी! याच्या हातात कसब आहे. हा जाईल ती खोली गार करील. काय रे?”

आणि हा वेडा माणूस त्यावर मान डोलावून गेला. कुणी स्तुती केली की तो विरघळायचाच. माझी नुसती चिडचिड झाली. पण त्याने मान हलवली नसती तरी काय झालं असतं? सामान त्याचं, घर त्यांचं.

मग त्यांची वणवण सुरू झाली. पक्क्या छताच्या खोल्या त्यांच्या आवाक्यात नव्हत्या. मिळाली ती गोदामांच्या मागे, पत्र्याच्या छताची. एकेरी विटेची भिंत, खिडकी एकच आणि तीही गोदामाच्या भिंतीवर उघडणारी. वारा यायचा तो फक्त दारातून, धूळ घेऊन. वीज इतकी मंद की कूलर नुसता घरघर करायचा, पाती फिरायचीच नाहीत. पाणी सार्वजनिक नळाला, तेही दुपारी. ते राहायला गेले तेव्हा उन्हाळ्याने डोळे वटारायला सुरुवात केली होती.

त्याने तिथेही सुरुवात केलीच. सकाळी फाटकापाशी इस्त्री, दुपारी घरी जाऊन पत्रा. चुना पत्र्यावर धरेना. ऊन लागलं की पत्रा फुगायचा आणि पापुद्रे उडून जायचे. मग हा वाळूने पत्रा घासत बसला, सरस वाढवला, पुन्हा हात दिला. घोसाळ्याचं बी टाकलं होतं, त्याला कुठे दोन पानं फुटलेली. ज्या कामाला तिकडे चार वर्षं लागली ते त्याला इथे चार आठवड्यांत उरकायचं होतं. वेल माणसाच्या घाईने चढत नाही. मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा, आणि कुठलं आधी यायचं ते सांगता येत नाही.

एका दुपारी मी दोन नव्या बंड्या घेऊन त्यांच्याकडे गेले. मासोळी प्लास्टिकच्या टबात बसली होती आणि टबातलं पाणीसुद्धा कोमट झालं होतं. तिचा चेहरा लालभडक. वर पत्र्यावर तिच्या बापाची खडखड चालू होती. मध्येच त्याने वरून हाक मारली, “आता कसं वाटतंय गं?”

“गार वाटतंय, बाबा!” ती ओरडली.

मी तिच्या कपाळाला हात लावला. तवा बरा. “काय गं ए,” मी म्हटलं, “हे गार का?”

ती आपले ते मोजके दात दाखवून हसली. “असं म्हटलं की बाबांना बरं वाटतं.”

मी तडक बाहेर गेले आणि त्याला खाली उतरायला लावलं. जे होतं ते तोंडावर सांगितलं. पोर तुमचं मन राखते आहे, तिच्या बोलण्यावर जाऊ नका, हात लावून बघत चला. आणि उन्हाळाभर तिला माझ्याकडे ठेवा, पिंप आहे, मी आहे. त्याचा चेहरा पडला. मी शर्टात खरीच चुणी शोधून काढल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला.

“माझी पोर माझ्याशी खोटं नाही बोलत, ताई.”

“बोलते. तुमच्यावर माया आहे म्हणून बोलते.”

तिच्या आईने माझा हात धरला. “ताई, मी आणून सोडते हिला तुमच्याकडे,” ती म्हणाली. इस्त्रीवाल्याने हातावरचा चुना झटकला. मग म्हणाला, “सोमवारी आणतो. तोवर पत्र्याचा दुसरा हात होईल. मग बघा, तुम्हीच म्हणाल, राहू दे इथेच.” मी मासोळीला ओल्या फडक्याने पुसून काढलं, दाराला ओली चादर लावली आणि रिक्षाने घरी आले. मोरी घासली, पिंप भरून ठेवलं. तिच्यासाठी खिडकीशी जागा केली.

सोमवार यायच्या आधीच मासोळी गेली.

त्या दुपारी आई नळावर रांगेत होती. परत आली तेव्हा पोर टबाबाहेर जमिनीवर पडलेली, अंग कोरडं आणि चटका बसेल इतकं तापलेलं. रिक्षा मिळाली, इस्पितळ मिळालं, बर्फाच्या लाद्यांवरही ठेवलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, उष्णता मेंदूत गेली होती. मी पोहोचले तेव्हा तिची आई बाकावर बसली होती. तिच्या मांडीवर माझी बंडी होती, अजून ओली. मी तिच्या शेजारी बसले. त्या बाकड्यावर आम्ही काय बोललो ते मला आठवत नाही.

लोक बोलायचे ते बोललेच. बाप डोक्यावरच्या पत्र्यावर होता आणि खाली पोर गेली, याला कळलं कसं नाही? आमच्या जिन्यातही हेच. मालकांनी तर हळहळ करताना डोळेही पुसले, आणि त्यांचे अश्रू खोटे होते असं मी म्हणणार नाही. गच्चीवरच्या खोलीत त्यांच्या सुनेने किडे येतात म्हणून वेल उपटून टाकला होता आणि लग्नात आलेला एसी लावला होता. कुणाकुणाशी भांडू? माझ्यातला भांडण्याचा जीवच गेला होता.

काही दिवसांनी इस्त्रीवाला फाटकापाशी परत आला. पोटाला कुणी सुट्टी देत नाही. मी मशीनवरून बघत होते. टेबलाशी उभा होता, पण त्याचं उभं राहणं नेहमीचं नव्हतं. पायाखाली दुमडलेली पोती, आणि सारखा या पायावरून त्या पायावर. इस्त्री फिरवायची, थांबायचं, टेबलाला धरायचं. मी स्टूल घेऊन खाली गेले.

“बसून करा, भाऊ.”

तो बसला. पाय वर आले तसे तळवे दिसले. दोन्ही तळव्यांची कातडी सोलून निघालेली, वर कसलंतरी पिवळं मलम.

“हे काय झालं?”

त्याने निखाऱ्यांवर पंखा घातला. मग अगदी साध्या आवाजात, एखाद्या गिऱ्हाइकाला कपडे कधी मिळतील ते सांगावं तसं त्याने सांगितलं.

“त्या दिवशी मी वर होतो, ताई. दोनदा विचारलं, तर ती म्हणाली गार वाटतंय. तिसऱ्यांदा विचारलं, तर काही बोलली नाही. मला वाटलं, झोपली. त्या खोलीत आल्यापासून दुपारची तिला झोप म्हणून लागली नव्हती. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, चुना लागू पडला.”

त्याने इस्त्री उचलली आणि तशीच परत ठेवली.

“अर्धा पत्रा राहिला होता. पण पत्र्यावर चपला फार वाजतात हो. तिची झोप मोडेल म्हणून काढून ठेवल्या.”